पश्चिमेचं पाणी गोदावरीत आलं, तर नाशिक-नगर आणि मराठवाड्याचं भांडण मिटेल का?

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला त्यांची चार एकर जमीन आहे. ते विचारतात, "कोकणात वाहून जाणारं पाणी गोदावरीत वळवणार, योजना मंजूर झाल्या, असं सारखं वाचतो. ते पाणी आलं की नाशिक-नगरशी दर दुष्काळी वर्षी होणारं भांडण संपेल का? आणि वडील म्हणतात तशी उसाची तयारी आतापासून करावी का?"

नुसतं पाणी आल्याने भांडण मिटणार नाही. घाट ओलांडून येणाऱ्या पाण्यावर कुणाचं नाव आहे, ते बोगद्याला पहिला सुरुंग लागायच्या आत कागदावर आलं, तर मात्र मिटू शकेल. पाटबंधाऱ्यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. त्यातली निम्मी नगर जिल्ह्यात प्रवरा-मुळेच्या काठावर, निम्मी पैठणच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, खाली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन्हीकडचा चहाही प्यायलो, त्यामुळे एका बाजूचं बोलणं मला जमत नाही.

आधी आजचं भांडण नेमकं कशाचं आहे ते बघू. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. एकूण साठा 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. त्यातला सुमारे 26 टीएमसी मृतसाठा सोडला, तर उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास राहतो. धरण आहे कमी पावसाच्या मुलखात. त्याचं पोट भरतं ते वरून येणाऱ्या पाण्यावर, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबक, अकोले या पट्ट्यातल्या पावसावर. आणि हेच पाणी वाटेत दारणा, गंगापूर, मुकणे, पालखेड, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं अडवतात.

नगर-नाशिकवाल्यांचं म्हणणं असं की आमचं दारणा 1916 चं, भंडारदरा 1926 चं. कोपरगाव-राहात्याच्या ब्लॉकवर, म्हणजे कालव्याच्या पाण्याला मंजूर असलेल्या रानात, आमच्या आज्यानं ऊस घेतला, तेव्हा जायकवाडी नकाशावरही नव्हतं. आता आमची आवर्तनं, म्हणजे कालव्याला सुटणाऱ्या पाण्याच्या पाळ्या, कापून पाणी खाली का? मराठवाडा म्हणतो, जायकवाडीचा आराखडा करताना वर किती पाणी वापरलं जाईल ते धरलं होतं. त्यानंतर तुम्ही वर धरणांमागून धरणं बांधत गेलात, मग आमच्या धरणात येणार काय? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. म्हणूनच हा वाद इतका चिवट आहे.

यात एक गोष्ट लोक विसरतात. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात 1975 साली करार झाला आणि पुढे तो गोदावरी लवादाच्या निवाड्यात आला. त्यानुसार पैठणपर्यंतचं सगळं पाणी वापरायची मुभा महाराष्ट्राला आहे. म्हणजे पैठणच्या वरच्या पाण्यात दुसरं राज्य आड येत नाही. हा पूर्णपणे आपल्या घरातला वाटा आहे, आणि घरातलाच वाटा आपण लिहून ठेवला नव्हता.

तो लिहायचा पहिला प्रयत्न म्हणजे 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावरून मेंढेगिरी समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालावर प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 ला आदेश दिला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातला वापर धरून, 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी तुटीच्या हिशेबाने पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये हा आदेश उचलून धरला. 2019 ते 2022 जायकवाडी सलग भरलं, तेव्हा कुणाला या आदेशाची आठवणही राहिली नाही. 2023 ला पावसाने दगा दिला आणि 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला : मुळेतून 2.10, प्रवरेतून 3.36, गंगापूरमधून 0.50 आणि दारणा समूहातून 2.643. लगेच आंदोलनं, रास्ता रोको, सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव. पाणी सुटलं तोवर नोव्हेंबरचा शेवट आला होता आणि खाली रब्बीच्या पेरण्या उरकत आल्या होत्या.

अशा सोडण्याच्या वेळी नदीवर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पाणी वाटेत कुणी उचलू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. एका वर्षी प्रवरेवरच्या एका बंधाऱ्यावर रात्री अकराला आम्ही फळ्या काढत होतो. लोखंडी फळी पाण्याच्या दाबाने खाचेत घट्ट बसलेली असते. साखळी लावून चार माणसांनी ओढली की ती एकदम सुटते आणि खालून पाण्याचा लोंढा गरजत बाहेर पडतो. काठावर पंधरा-वीस शेतकरी उभे होते, दोन पोलिसही होते. कुणी अडवलं नाही. पासष्टीचे एक गृहस्थ पुढे आले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, न्या. पण पैठणला पोचतंय किती, ते आम्हाला कुणीतरी लिहून द्या."

काही वर्षांनी मी खाली असताना पैठण तालुक्यातल्या एकाने मला विचारलं, "वरून सोडलं किती अन् आलं किती?" दोघांचा प्रश्न एकच होता आणि माझ्याकडे दोघांनाही पटेल असं उत्तर नव्हतं. वरचं मोजमाप धरणाच्या दरवाजातून निघालेल्या क्युसेकवर (सेकंदाला किती घनफूट), खालचं मोजमाप जलाशयाच्या पातळीत झालेल्या वाढीवर. मधे कोरडं पात्र पाणी पितं, वाळूउपशाचे खड्डे भरतात, डोह भरतात, आणि जायकवाडीचा पसरट जलाशय उन्हाळ्यात रोज एक दलघमीहून (दशलक्ष घनमीटरहून) जास्त पाणी वाफेनं गमावतो. हिवाळ्यात कमी, पण तेव्हाही गमावतोच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असले तरी जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या आकड्यांच्या फटीत संशय वाढतो. म्हणून मी म्हणतो, या वादात पाण्याचा तुटवडा आहेच, पण विश्वासाचा तुटवडा त्याहून मोठा आहे. विश्वास कोकणातून पंपाने आणता येत नाही.

आता पश्चिमेच्या पाण्याकडे येतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीची धार हीच पाणलोटाची सीमा आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या कोपरगावला जेमतेम साडेचारशे-पाचशे. धारेच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वैतरणा, दमणगंगा, नार, पार अशा नद्यांनी समुद्राकडे जातं. ते इकडे वळवावं ही कल्पना चुकीची नाही. पेठ-दिंडोरीच्या घाटमाथ्यावर लहान लहान प्रवाही वळण योजना झाल्या आहेत : ओहोळावर बंधारा, खिंडीतून चर, आणि पाणी आपल्या उताराने पूर्वेला. वीज नाही, पंप नाही. अशी प्रत्येक योजना करावी असंच मी म्हणेन. पण त्यांचं पाणी दलघफूत (दशलक्ष घनफुटांत) मोजायचं असतं, टीएमसीत नाही. धारेच्या वरून सहज उतरेल एवढं पाणी थोडंच आहे. मोठं पाणी आहे ते खाली, दऱ्यांच्या तळाशी.

तिथून ते उचलावं लागतं. याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा स्वतः करून बघावा. एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख टन वजन. ते 100 मीटर वर न्यायला, पंपाची गळती आणि घर्षण धरून, साधारण एक कोटी युनिट वीज लागते. समजा वर्षाला 20 टीएमसी पाणी 300 मीटर उचलायचं ठरवलं, तर 60 कोटी युनिट झाले. सात रुपये युनिट धरलं तरी वर्षाचं वीजबिल 420 कोटी. शिवाय पाणी येतं फक्त पावसाळ्यात. खाली मोठा साठा नसेल तर ते शंभर दिवसांत उपसावं लागेल, म्हणजे रात्रंदिवस 250 मेगावॉटचे पंप. आणि उरलेले साडेआठ महिने तेच पंप बंद. दरीत धरण बांधलं तर पंप लहान चालतील, पण मग दरीतली जमीन आणि गावं बुडतील.

हे बिल कोण भरणार? उपसा सिंचनाच्या किती योजना थकलेल्या वीजबिलापायी बंद पडल्या, हे सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांना विचारा. ताकारी-म्हैसाळची आवर्तनं वीजबिलावरून अडल्याचं तिथल्या लोकांनी अनेकदा भोगलंय. धरणाचं उद्घाटन एकदाच होतं, पण वीजबिल दर महिन्याला येतं.

दुसरा मुद्दा नावांचा. "पश्चिमेचं पाणी" असं सरसकट म्हटलं की जणू सगळं पैठणलाच येणार असं वाटतं. नार-पार-गिरणा योजनेला 2024 मध्ये 7,015 कोटींची मान्यता मिळाली. तिचं पाणी गिरणेला, म्हणजे तापी खोऱ्यात, नाशिक-जळगावकडे जाणार. दमणगंगा-पिंजाळ मुंबईसाठी आहे. दमणगंगा-एकदरे-गोदावरीचं पाणी गंगापूर धरणाच्या बाजूला उतरणार. दमणगंगा-वैतरणा-गोदावरीचं सिन्नरच्या बाजूला, देव नदीकडे. यातल्या शेवटच्या दोनच योजना गोदावरीत येतात, आणि त्याही नाशिक जिल्ह्यातच उतरतात. तुमच्या शेतापर्यंत तिथून चारशे किलोमीटरच्या आसपास नदी आणि कालवा आहे, आणि वाटेत तेच नांदूर मधमेश्वर, तेच बंधारे, त्याच मोटारी.

इथे खरा पेच आहे. समजा एका वर्षी बोगद्यातून सहा टीएमसी पाणी गंगापूर धरणात आलं. त्या पाण्याला रंग नसतो. गंगापूरमध्ये मिसळलं की ते गंगापूरचंच. नाशिक शहराचं आरक्षण दरवर्षी वाढतंय. ते या सहा टीएमसीतून भागेल, आणि 15 ऑक्टोबरला पुन्हा तोच हिशेब, तीच 65 टक्क्यांची रेघ. मराठवाडा म्हणेल आमच्या नावाने आणलेलं पाणी नाशिकने प्यायलं. नाशिक म्हणेल आमच्या जिल्ह्यातून बोगदा काढला, आमच्या आदिवासींची जमीन गेली, मग पहिला हक्क आमचाच. दोघं पुन्हा न्यायालयात.

याला तोड आहे, आणि ती आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. मुळशीचं धरण आठवा. 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी. मुळशी आणि मावळातलं, भीमा खोऱ्यातलं पाणी आजही घाटाखाली खोपोली, भिवपुरी, भिऱ्याला विजेसाठी सोडलं जातं. तसंच कोयनेचं पाणी पोफळीच्या बाजूला पडून वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात आपण शंभर वर्षांहून अधिक काळ नेतोय, फक्त उलट्या दिशेने. कृष्णा लवादासमोर आंध्र आणि कर्नाटकाने या पाण्यावरून भांडण काढलं, तेव्हा त्या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, आकडा लिहून टाकला : कोयनेतून वर्षाला 67.5 टीएमसीच्या वर नाही, टाटांच्या धरणांतून कोणत्याही वर्षी 54.5 च्या वर नाही आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 च्या वर नाही. कुरकुर आजही आहे. हे पाणी पूर्वेला वळवा अशी मागणीही होते, आणि मला ती रास्त वाटते. पण वाद होतो तो लिहिलेल्या आकड्याभोवती. कुणी रात्री बंधाऱ्यावर जमत नाही.

त्याहून नेमकं उदाहरण आंध्रातल्या पोलावरम धरणाचं. गोदावरीचं 80 टीएमसी पाणी पोलावरमहून कृष्णेत वळवायचं ठरलं, तेव्हाच, म्हणजे कालवा व्हायच्या कितीतरी आधी, 1978 च्या करारात लिहिलं गेलं की या बदल्यात कृष्णेच्या वरच्या भागात 35 टीएमसी मोकळं होईल, त्यातलं 21 कर्नाटकाचं आणि 14 महाराष्ट्राचं. पोलावरमचं पाणी प्रत्यक्ष महाराष्ट्रात येणं शक्यच नाही. ते खाली आंध्रातच राहणार. पण खालच्याला खाली पाणी मिळालं, म्हणून वरच्याने वरचं तितकं ठेवायचं, अशी ही अदलाबदल.

गोदावरीत हेच उलट्या अंगाने करता येईल. बोगद्याच्या तोंडाशी मोजमापाची सोय हवी, दर तासाची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी. बोगद्यातून सहा टीएमसी आलं, तर ते नाशिकने खुशाल वापरावं : शहराने, सिन्नरच्या कारखान्यांनी, गंगापूरच्या कालव्यांनी. आणि त्यातला जो वाटा मराठवाड्याचा म्हणून लिहिला असेल, समजा चार टीएमसी, तितकं दारणा-गंगापूरचं मूळचं पाणी त्याच पावसाळ्यात खाली सोडायचं. नोव्हेंबरात, पोलीस लावून, कोरड्या पात्रातून नाही. ऑगस्टमध्ये, नदी वाहती असताना. तेव्हा पात्र पाणी पीत नाही, फळ्या बसवलेल्या नसतात आणि सोडलेलं बहुतेक पाणी पैठणला पोचतं. हे खातं 65 टक्क्यांच्या हिशेबापासून वेगळं ठेवायचं आणि प्राधिकरणाच्या आदेशात ते शब्दांनी आणि आकड्यांनी लिहायचं. वीजबिलाची वाटणीही त्यातच. योजनेच्या सविस्तर अहवालात बोगद्याची लांबी आणि खडकाचा प्रकार पानंच्या पानं असतो. हे एक पान आधी हवं.

आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी आपण दोघंही, नगरवाले आणि मराठवाडावाले, फार कमी बोलतो. ज्यांच्या दऱ्यांतून हे पाणी उचलायचं ते लोक. सर्वेक्षणाच्या निमित्ताने मी एका एप्रिलमध्ये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. पावसाळ्यात जिथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे बायका दरीत उतरून झिऱ्यावर बसल्या होत्या. झिरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने उकरलेला कमरेएवढा खड्डा. तळाला वाटीभर पाणी साचलं की ते करवंटीने हंड्यात भरायचं आणि पुन्हा साचायची वाट बघायची. एक हंडा भरायला पाऊण तास लागत होता. मी घड्याळ लावून बघितलं. आमच्या माणसांनी त्या झिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर धरणाच्या रेषेची खुंटी ठोकली होती. एका बाईने विचारलं की हे धरण आमच्यासाठी आहे का. मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही, पुन्हा खड्ड्यात वाकली.

"समुद्राला वाया जाणारं पाणी" हे शब्द मी त्या दिवसापासून वापरत नाही. नदी वाहते तेव्हा खाली मासेमारी असते, खाडी असते, भातशेती असते. आणि मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. शेजारी गुजरातेत पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाविरुद्ध धरमपूरच्या आदिवासींनी 2022 मध्ये मोर्चे काढले, तेव्हा तिथल्या सरकारला तो प्रकल्प मागे घेत असल्याचं जाहीर करावं लागलं. इकडे सुरगाणा-पेठचे लोक तेच करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून त्या एका पानावर पहिली ओळ त्यांच्या पाड्यांच्या पिण्याच्या पाण्याची आणि एका तरी हमखास रब्बी पिकाची हवी. पाणी वर उचलण्याआधी तिथल्या टाक्या भरायच्या. दऱ्याखोऱ्यांतल्या वस्तीला लागतं ते पाणी असतं किती? 20 टीएमसीच्या हिशेबात ते नजरेतही भरणार नाही.

आता तुमच्या वडिलांच्या उसाचं. ऊस लावू नका, निदान या पाण्याच्या भरवशावर तरी. निळवंडे धरणाला मान्यता मिळाली 1970 मध्ये आणि त्याच्या डाव्या कालव्यात पहिलं पाणी आलं 2023 मध्ये. तेही दुसऱ्या खोऱ्यातून आणायचं नव्हतं, त्याच नदीचं होतं. बोगदे, वनजमीन, पुनर्वसन, उपसा असं सगळं असलेली योजना दोन वर्षांत होत नसते.

दुसरं एक कारण जरा टोचणारं आहे. तुमचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. वरून पाणी आलं नाही म्हणून जेवढी आवर्तनं तुमची बुडाली, तेवढीच किंवा जास्त कालव्याच्या मुखाकडच्या उसाने बुडवली आहेत. जायकवाडीच्या मूळ पीकरचनेत उसाला फार थोडी जागा होती. आज पैठण-अंबडच्या पट्ट्यात कालव्याच्या दोन्ही अंगांना काय उभं आहे ते बसमधून जातानाही दिसतं. कालव्यात पाइप टाकलेले, रात्रीच्या मोटारी, फोडलेल्या चाऱ्या (शेतापर्यंत जाणारे छोटे पाट). नाशिक-नगरने सगळं पाणी सोडलं तरी शेपटाला किती पोचेल ते या 208 किलोमीटरांवर ठरतं. आणि शेपटाच्या माणसाने स्वतः ऊस लावला, की मुखाच्या माणसाला बोलायचं तोंड त्याला राहत नाही.

धरणात 15 ऑक्टोबरला किती साठा आहे ते बघा. कालवा सल्लागार समितीची बैठक कधी आहे ते शाखा कार्यालयात विचारा आणि शेपटाचे दहा जण मिळून जा. रब्बीची किती आवर्तनं ठरली ते तिथे कळतं. दोन मिळणार असतील तर हरभरा, ज्वारी. चार मिळणार असतील तर गव्हाचा विचार करा. तुमच्या चारीवर पाणीवापर संस्था असेल, तर चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचा गेज बसवलाय का आणि त्याची वही कुणाकडे आहे ते बघा. नसेल तर संस्था नोंदवायला घ्या, कारण संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि मोजून मागता येतं. आणि सात नंबरचा, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या मागणीचा, अर्ज मुदतीत भरा, पाणी येवो न येवो. शेपटाचे शेतकरी पाणी येत नाही म्हणून अर्ज भरत नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणून कागदावर शेपटाला मागणी दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या आवर्तनाचा आराखडा त्याच कागदावरून होतो. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.